अखत्यारी देण्याची रीत

एखाद्या कचेरीत, कारखान्यात वा पेढीवर दहा-बारा वर्षे इमानेइतबारे राबलेल्या मनुष्यास बढती मिळते आणि काल ज्या मेजांच्या रांगेत त्याचे एक मेज होते ती सगळी रांगच आज त्याच्या देखरेखीखाली येते, तेव्हा त्याच्या हातून बहुधा पहिली चूक घडते ती अशी, की तो आपले जुने काम सोडीत नाही. यात त्यास फारसा दोष देता येणार नाही. कारण ते काम उत्तम केले म्हणूनच तो वर चढलेला असतो, आणि ज्या कामाने आपल्यास नाव मिळवून दिले ते दुसऱ्याच्या स्वाधीन करावयाचे कोणाच्याही जिवावर येते. मग होते असे, की हाताखालच्याने केलेला पत्राचा मसुदा साहेब मुळापासून पुन्हा लिहून काढतात, दोनशे रुपयांचे किरकोळ बिलही त्यांच्या सहीवाचून पुढे सरकत नाही, मेजावर नस्त्यांचा ढीग साचतो, ज्या नस्तीतील निर्णय अवघड तिच्यावर ‘चर्चा करावी’ असा शेरा पडतो व ती चर्चा कधीच होत नाही, आणि संध्याकाळी सारे घरी गेल्यावर एकट्या साहेबांच्या खोलीत जो दिवा जळत राहतो त्यासच ते कर्तव्यनिष्ठा समजू लागतात.

दोन-तीन वर्षांनी या कर्तव्यनिष्ठेचा जमाखर्च मांडून पाहावा. हाताखालच्या मंडळींनी तोवर विचार करण्याचे सोडून दिलेले असते, कारण आपण काहीही लिहिले तरी ते बदलणारच हे त्यांस पुरते ठाऊक झालेले असते. साहेबांची प्रकृती खालावलेली असते. आणि वरची जागा रिकामी होते तेव्हा नेमणूक करणारे अधिकारी एकमेकांस म्हणतात, ‘माणूस उत्तम आहे, पण यांस येथून हलविले तर येथले काम पाहणार कोण?’ आपल्यावाचून सारे अडते याचा ज्यास अभिमान होता तो त्याच अभिमानापायी जागच्या जागी अडून राहतो. वरच्या जागेवर बसलेल्याचे मुख्य काम हाताखालच्या माणसांस निर्णय घेण्यास समर्थ करणे हे होय, आणि त्याचे साधन म्हणजे विचारपूर्वक, नेमकी व मुदतबंद दिलेली अखत्यारी. ती कोणास, किती आणि कोणत्या रीतीने द्यावी, याचा विचार नव्याने बढती मिळालेल्या व मिळू पाहणाऱ्या वाचकांसाठी येथे करावयाचा आहे.

जिंजीचा धडा

या विषयाचा सर्वांत बोलका दाखला आपल्याच इतिहासात आहे. १६८९ च्या मार्च महिन्यात संभाजी महाराजांचा वध झाला, त्याच वर्षी रायगड मोगलांच्या हाती गेला, आणि राजाराम महाराज मोजक्या मंडळींसह दक्षिणेत जिंजीस जाऊन पोहोचले. राजा तमिळ मुलखात, राज्य सह्याद्रीत, मधला टापू शत्रूच्या फौजांनी व्यापलेला, आणि पत्राचा जाब येण्यास दिवसच्या दिवस लागावयाचे, अशा स्थितीत प्रत्येक बाबीस महाराजांचा हुकूम मागवावा असे ठरते, तर हुकूम पोहोचण्यापूर्वी किल्ला गेलेला असता. म्हणून महाराष्ट्रातील कारभाराची मुखत्यारी रामचंद्रपंत अमात्यांकडे देण्यात आली आणि त्यांस ‘हुकूमतपन्हा’ असा किताब मिळाला. तो किताब नुसता मानाचा नव्हता. गडकरी, सरदार, देशमुख, मामलेदार या साऱ्यांस त्यायोगे कळले की येथे पंतांचा शब्द अखेरचा आहे आणि त्यावर अपील करण्यासाठी जिंजीची वाट धरण्याचे कारण नाही. पंतांनीही आपल्या हाती आलेली सत्ता आपल्याच मुठीत आवळून ठेवली नाही. शंकराजी नारायण मावळातील गडांच्या मागे लागले, परशुराम त्र्यंबकांनी १६९२ मध्ये पन्हाळा परत घेतला, आणि संताजी घोरपडे व धनाजी जाधव यांच्या फौजा कोठे, केव्हा आणि कोणावर तुटून पडावयाचे हे जागच्या जागी ठरवू लागल्या.

समोरच्या छावणीत याच्या उलट प्रकार होता. औरंगजेब हा कष्टाळू, काटकसरी आणि कारभारातील बारीकसारीक गोष्टींवर स्वतः नजर ठेवणारा बादशहा; परंतु त्याचा विश्वास कोणावरच पुरता बसत नसे. शहाजादा मुअज्जम १६८७ पासून कित्येक वर्षे कैदेत पडला होता, आणि जिंजीच्या वेढ्यावर पाठविलेला शहाजादा कामबक्ष खुद्द बादशहाच्याच सेनापतींच्या नजरकैदेत गेला. जिंजी अखेर १६९८ मध्ये पडली, पण तोवर राजाराम महाराज निसटून महाराष्ट्राच्या वाटेस लागले होते. आणि १७०७ मध्ये बादशहा अहमदनगरास मरण पावला तेव्हाही युद्ध संपलेले नव्हते. युद्धाच्या जयापजयास अनेक कारणे असतात आणि त्या सगळ्यांचे श्रेय एकाच गोष्टीस देणे इतिहासास धरून होणार नाही. तथापि एका बाजूस राजा दूर असूनही कारभार चालत होता आणि दुसऱ्या बाजूस बादशहा जवळ असूनही तो अडत होता, एवढे तरी त्यातून निश्चित दिसते.

काय द्यावे, काय राखावे

अखत्यारी देण्याचा आरंभ माणसांपासून न करता कामापासून करावा. पंधरा दिवस एक साधी वही जवळ ठेवून आपल्यापुढे येणारे प्रत्येक काम तीत टिपावे, आणि पंधरवडा संपल्यावर त्याची तीन सदरे पाडावीत: जी कामे केवळ आपणच करू शकतो ती पहिल्या सदरात, जी दुसऱ्याने करून आपल्यास कळविली तरी चालतील ती दुसऱ्यात, आणि जी आपल्यास न कळवितासुद्धा बिनघोर होऊ शकतील ती तिसऱ्यात. प्रामाणिकपणे ही वाटणी करणाऱ्यास आढळून येईल की पहिले सदर त्याच्या समजुतीपेक्षा पुष्कळच लहान आहे, आणि त्यातील बरीच कामे केवळ सवयीने किंवा आवडीने तेथे येऊन बसली आहेत.

काही कामे मात्र कधीही दुसऱ्याकडे देऊ नयेत. हाताखालच्या माणसाचा गोपनीय अहवाल लिहिणे, शिस्तभंगाची कारवाई करणे, बढती नाकारल्याची बातमी संबंधिताच्या तोंडावर सांगणे, दोन सहकाऱ्यांच्या भांडणात निवाडा देणे, ही कामे अप्रिय आहेत म्हणूनच ती वरिष्ठाची आहेत. गोड कामे आपल्याकडे ठेवून कडू कामे खाली ढकलणारा मनुष्य अखत्यारी देत नसतो. तो ओझे झटकीत असतो, आणि हाताखालच्या माणसांस हा फरक ताबडतोब कळतो.

कोणास द्यावी

येथे दोन मोह टाळावे लागतात. पहिला मर्जीचा. जो आपल्यापुढे हांजी हांजी करतो त्याच्या हाती सत्ता दिली असता तो ती आपल्या नावाने आणि स्वतःच्या सोयीने वापरतो. दुसरा मोह अधिक साळसूद आहे, तो हुशारीचा. प्रत्येक कचेरीत असा एखादा कर्तबगार मनुष्य असतो की जे काम द्यावे ते तो वेळेवर करून देतो; मग प्रत्येक काम त्याच्याकडेच जाते, तो खचतो, आणि बाकीच्यांस आपण बिनकामाचे आहोत अशी खात्री पटते. अखत्यारी देताना ‘हे काम सर्वांत चांगले कोण करील’ एवढाच प्रश्न न विचारता ‘हे काम केल्याने कोण वाढेल’ हाही विचारावा.

लक्ष्मणराव किर्लोस्करांचे उदाहरण या बाबतीत अभ्यासण्याजोगे आहे. मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिक्षक असता हक्काची बढती डावलली गेल्यामुळे त्यांनी ती नोकरी सोडली. म्हणजे वरिष्ठाने माणसाची पारख न केल्यास काय होते हे ते स्वानुभवाने जाणत होते. पुढे औंधच्या पंतप्रतिनिधींनी कुंडल स्टेशनाजवळ जमीन दिली आणि १९१० मध्ये किर्लोस्करवाडीचा पाया पडला. हे पंतप्रतिनिधींचे घराणे म्हणजे वर ज्यांचा उल्लेख आला त्या परशुराम त्र्यंबकांचेच. त्या माळरानावर लक्ष्मणरावांनी माणसे पारखली ती पदवी पाहून नव्हे. वसाहतीची आखणी आणि व्यवस्था त्यांनी बंधू रामूअण्णांवर सोपविली आणि आपण यंत्रांकडे लक्ष दिले. शाळा अर्धवट सोडलेले अनंतराव फळणीकर त्यांच्या हाताखाली कल्पक यंत्रज्ञ झाले. ज्यास पदवी नाही त्यास यंत्राचा विचार करू द्यावा एवढा धीर मालकाने दाखविला नसता, तर ती बुद्धी तशीच दडपून राहिली असती. वकूब पाहून काम द्यावे हे खरेच. परंतु वकुबाहून थोडे मोठे काम दिल्यावाचून वकूब वाढत नाही, हेही तितकेच खरे.

कशी द्यावी

आपल्याकडे अखत्यारी देण्याची रूढ पद्धत म्हणजे दारातून जाता जाता ‘जरा ते बघा हो’ असे म्हणणे. याचा अर्थ ऐकणारा एक लावतो, सांगणारा दुसरा, आणि महिन्याने दोघांचेही बिनसते. त्याऐवजी चार गोष्टी स्पष्ट शब्दांत सांगाव्यात, आणि काम महत्त्वाचे असल्यास लिहून द्याव्यात. पहिली, कोणते फळ अपेक्षित आहे. ते कोणत्या मार्गाने मिळवावे हे शक्यतो सांगू नये. दुसरी, मर्यादा: किती रकमेपर्यंत, किती दिवसांत, कोणत्या नियमांच्या चौकटीत. तिसरी, कोणत्या बाबतीत आधी विचारावे आणि कोणत्या बाबतीत नंतर कळविले तरी पुरे. चौथी, त्यासाठी कोणती साधने व कोणती माणसे दिमतीस दिली आहेत. पैसा, माणसे आणि कागदपत्रे यांपैकी काहीच न देता नुसती जबाबदारी सोपविणे म्हणजे माणसास तोंडघशी पाडण्याची पूर्वतयारी होय.

याखेरीज एक पाचवी गोष्ट आहे, आणि ती बहुतेक वरिष्ठ विसरतात: दिलेली अखत्यारी बाकीच्यांस जाहीर करणे. रामचंद्रपंतांस किताब दिला नसता तर सरदारांनी प्रत्येक तंटा जिंजीस नेला असता. तसेच कचेरीतही होते. ठेकेदार, ग्राहक वा शेजारच्या खात्याचा अधिकारी हाताखालच्या मनुष्यास वळसा घालून थेट साहेबांकडे येतो, आणि साहेबांनी भिडेपोटी एकदा का त्याचे काम परस्पर करून दिले, की दिलेली सारी सत्ता त्या क्षणी परत घेतल्यासारखी होते. अशा वेळी ‘हे काम अमुक पाहतात, आपण त्यांस भेटावे’ एवढे एक वाक्य न संकोचता बोलण्याची सवय लावून घ्यावी.

मोठ्या कामांत हीच रीत मोठ्या प्रमाणावर दिसते. कोकण रेल्वे बांधावयास १९९० मध्ये ई. श्रीधरन यांच्या नेतृत्वाखाली आरंभ झाला, तेव्हा रोह्यापासून मंगळूरजवळच्या ठोकूरपर्यंतचा सुमारे ७४० किलोमीटरचा मार्ग महाड, रत्नागिरी उत्तर, रत्नागिरी दक्षिण, कुडाळ, पणजी, कारवार आणि उडुपी अशा सात विभागांत वाटण्यात आला आणि प्रत्येक विभागावर एकेक मुख्य अभियंता नेमण्यात आला. ज्या मार्गावर नव्वदांहून अधिक बोगदे खणावयाचे आणि खाड्यांवर पूल बांधावयाचे, तेथे डोंगर कोसळल्यावर काय करावे हे मुंबई-दिल्लीच्या खोलीत बसून ठरविता येत नाही. ते त्या डोंगरापाशी उभ्या असलेल्या अभियंत्यानेच ठरवावे लागते. २६ जानेवारी १९९८ रोजी संपूर्ण मार्ग वाहतुकीस खुला झाला. कामाची अशी वाटणी करताना ती भूभागाप्रमाणे व फळाप्रमाणे केली होती, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. ज्याच्या वाट्यास जो तुकडा, त्याच्या यशापयशाचा धनी तोच.

देखरेख आणि हिशेब

अखत्यारी दिली म्हणजे डोळे मिटावे असे नाही. शिवकालीन गडावर हवालदार, सरनोबत, सबनीस आणि कारखानीस असे वेगवेगळे अधिकारी असत. किल्ल्या हवालदाराकडे, हजेरी व जमाखर्चाचे लेखन सबनिसाकडे, कोठारातील सामान कारखानिसाकडे, अशी वाटणी असल्यामुळे एकाच्या मनात वावगे आले तरी दुसऱ्याच्या लेखणीस ते सापडत असे. येथे कोणावरही अविश्वास दाखविलेला नाही. व्यवस्थेतच हिशेब गुंफलेला आहे. आजच्या कचेरीतही खरेदी करणारा, माल ताब्यात घेणारा आणि पैसे अदा करणारा हे तीन निराळे असावेत, म्हणजे वरिष्ठास प्रत्येक पावती तपासण्याची गरज उरत नाही आणि प्रामाणिक मनुष्यावर संशयाचे किटाळही येत नाही.

बाकी देखरेखीसाठी आठवड्यातील एक दिवस आणि एक वेळ ठरवावी व ती पाळावी. मधल्या दिवसांत वारंवार ‘कुठवर आले?’ असे विचारीत राहिल्याने काम वेगाने होत नाही. विचारलेल्या प्रश्नास उत्तर देण्यातच वेळ जातो. ठरलेल्या भेटीत काय झाले, काय अडले आणि कोणती मदत हवी, या तीनच गोष्टी विचाराव्यात. मसुद्यातील शब्द आपल्या लकबीचे नाहीत म्हणून ते बदलू नयेत. अर्थ बरोबर असेल तर सही करावी. दुसऱ्याची शैली सहन करणे ही अधिकाऱ्याची पहिली तपश्चर्या आहे.

चूक झाली तर

ज्यास निर्णय घेण्याची मुभा आहे त्याच्या हातून चुका होणारच, आणि त्या चुकांचे काय करावयाचे यावर सारा व्यवहार अवलंबून असतो. चूक, हलगर्जी आणि लबाडी या तीन निराळ्या गोष्टी आहेत. सर्व माहिती विचारात घेऊन केलेला निर्णय फसला तर ती चूक. तिच्यातून काय शिकावयाचे ते बसून पाहावे आणि अखत्यारी कायम ठेवावी. माहिती समोर असून पाहिलीच नाही तर ती हलगर्जी. तिच्याबद्दल खोलीचे दार लावून समज द्यावी. जाणूनबुजून लपविले तर ती लबाडी; तेथे मात्र दया दाखविणे हा बाकीच्या प्रामाणिक माणसांचा अपमान होय. आणि तिन्ही प्रसंगी वरिष्ठांपुढे उभे राहण्याची पाळी आली की जाब आपणच द्यावा. काम सोपविता येते, जबाबदेही सोपविता येत नाही. ‘मी त्यांना सांगितले होते’ हे वाक्य ज्याच्या तोंडी एकदा आले त्याच्यासाठी पुन्हा कोणी धोका पत्करीत नाही.

मुदत आणि सीमा

जिंजीच्या काळाची दुसरीही बाजू सांगितली पाहिजे. संताजी आणि धनाजी या दोन पराक्रमी सरदारांच्या अधिकारांची आणि मानाची सीमा नीट राखली गेली नाही, त्यांच्यातील वितुष्ट विकोपास गेले, संताजींचे महाराजांशीही बिनसले, आणि १६९७ मध्ये त्या अजोड सेनानीचा अंत घरच्या वैरातून झाला. दोन कर्तबगार माणसांस एकाच मुलखाची अखत्यारी देऊन ‘आपसांत पाहून घ्या’ म्हणणाऱ्या प्रत्येक वरिष्ठाने हा प्रसंग आठवावा. त्याच काळात सरदारांस आपल्याकडे राखण्यासाठी वतने आणि इनामे सढळ हाताने द्यावी लागली, आणि एकदा दिलेली सत्ता परत घेणे पुढे दुरापास्त झाले. हे सारे ज्यांनी जवळून पाहिले ते रामचंद्रपंतच पुढे १७१५ च्या सुमारास ‘आज्ञापत्रा’त वतनदारांविषयी अत्यंत सावधगिरीचा इशारा देतात, ही गोष्ट पुष्कळ सांगून जाते.

म्हणून अखत्यारी वतनासारखी कायमची देऊ नये. सहा महिन्यांची वा वर्षाची मुदत आरंभीच सांगावी, मुदतीअंती तिचा फेरविचार करावा, आणि कामांची अदलाबदल करावी. तसे केल्याने काम काढून घेतल्याचा अपमान कोणास वाटत नाही, कोणतेही टेबल एकाच्या मालकीचे होत नाही, आणि प्रत्येकाच्या अनुभवाची व्याप्ती वाढते.

घेणाऱ्याचे कर्तव्य

आतापर्यंतचे विवेचन देणाऱ्याच्या बाजूने झाले. परंतु बढतीची वाट पाहणाऱ्या वाचकाने अखत्यारी मिळण्याची वाटच पाहत बसू नये. ती मिळविता येते, आणि ती मिळविण्याचे सर्वांत जुने साधन म्हणजे चांगली टिपणी. तीत आधी वस्तुस्थिती असावी, मग लागू पडणारा नियम व पूर्वीचा दाखला, मग शक्य ते पर्याय व त्यांचे बरेवाईट परिणाम, आणि शेवटी स्वतःची शिफारस. पुष्कळ कारकून पहिल्या दोन गोष्टी लिहून ‘आदेशार्थ सादर’ म्हणून हात झटकतात. शिफारस लिहिण्याचे धाडस जो करतो त्याच्या दहा शिफारशींपैकी आठ मान्य झाल्या की अकराव्या वेळी साहेब आपण होऊनच म्हणतात, ‘या बाबी तुम्हीच निकालात काढीत जा.’ तोंडी बोलतानाही ‘साहेब, काय करू?’ याऐवजी ‘साहेब, असे करावे असे मला वाटते, हरकत नसेल तर उद्या पत्र पाठवितो’ असे म्हणावे. आणि वाईट बातमी सर्वांआधी आपल्याच तोंडून वरिष्ठांच्या कानी घालावी. ज्याच्याकडून बातमी दडत नाही त्याच्यावर नजर ठेवण्याची गरज कोणास वाटत नाही.

या साऱ्या रीतीची परीक्षा सोपी आहे. वर्षातून एकदा आठ-दहा दिवसांची रजा घ्यावी, पदभार रीतसर हाताखालच्याकडे द्यावा, आणि त्या काळात दूरध्वनी करू नये. परत आल्यावर काय अडले होते ते पाहावे: जे अडले असेल ते अद्याप आपण सोपविलेले नाही, आणि पुढील वर्षाचे काम तेथूनच सुरू करावयाचे. दुसरी परीक्षा याहून कठीण आहे. आपण घडविलेल्या मनुष्यास दुसऱ्या खात्याने वरच्या जागेवर मागितले, तर ‘येथे त्यांची गरज आहे’ असा शेरा मारून त्यास अडवून ठेवण्याचा मोह होतो. कारण वर्षानुवर्षे शिकविलेला माणूस हातचा जाणे हे नुकसानच असते. ते नुकसान सोसावे, त्याच दिवशी त्याच्या कार्यमुक्तीच्या आदेशावर सही करावी, आणि त्याची रिकामी झालेली अखत्यारी पुढच्या मनुष्यास, वर सांगितलेल्या चार गोष्टींसह, लेखी द्यावी.